तेच कागद पुन्हा कशाला?

जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीआधी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीरनाम्यांचा पाऊस पडला. त्यात ॲपची आश्वासनं भरपूर. मी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये राहतो, आणि एस्टोनिया म्हणजे डिजिटल सरकार हे आता सगळ्यांच्या कानावर आहे. त्यामुळे काकांनी विचारलंच, "तुमच्याकडे कुठलं ॲप आहे रे?"

काका, इथली गंमत ॲपमध्ये नाही. एकच माहिती गोळा करायला दोन वेगळे डेटाबेस उभारायला इथे कायद्यानेच मनाई आहे. एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याने त्याच्याकडूनच घ्यायची. 2001 पासून ही देवघेव एक्स-रोड नावाच्या व्यवस्थेतून चालते. वर, माझी माहिती कोणत्या कार्यालयाने कधी पाहिली, हे मला सरकारी पोर्टलवर दिसतं. पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मी चक्रावलोच. आपल्याकडे साहेबांनी आपली फाइल पाहिली की नाही, हे कळायला शिपायाची मर्जी सांभाळावी लागते.

माझ्या चुलतभावाला काकूंच्या पश्चात घरपट्टीवर नाव लावायचं होतं. अर्ज ऑनलाइन भरला, तरी बोलावणं आलं: मृत्यूदाखल्याची आणि घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स आणा. दोन्ही कागद त्याच महापालिकेने दिलेले! 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत आहे, चुकार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडही आहे. पण स्वतःच दिलेला कागद पुन्हा मागितला म्हणून कोणाला दंड?

दुसरा मुद्दा पैशाचा. टॅलिनने 2013 पासून शहरात नोंदणी असलेल्यांना बस-ट्राम फुकट केली. दानधर्म नव्हे, हिशेब. आयकराचा काही वाटा माणसाची नोंद जिथे असेल त्या पालिकेला मिळतो. त्यामुळे पत्ता अचूक ठेवण्यात पालिकेचाच फायदा. आपल्याकडे जकात गेली, त्याजागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, आणि 2017 पासून महापालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसतात. रहिवाशाची नोंद नीट ठेवून त्यांच्या तिजोरीत पडणार काय?

"देश चिमुकला, तुलना कसली करतोस?" हेही ऐकून झालं. एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम 14 लाख. नाशिक शहरच 2011 मध्ये 15 लाखांच्या घरात होतं. म्हणजे एका देशाएवढं काम आपली एक महापालिका रोज करतेच आहे.

फरक जबाबदारीत आहे. 2017 मध्ये इथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. स्थानिक निवडणुका महिनाभरावर होत्या, ऑनलाइन मतदानही व्हायचं होतं. तरी सरकारने ते जाहीर सांगून टाकलं आणि पुढे नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित केली, म्हणजे त्यांचा ऑनलाइन वापर थांबवला. निस्तरताना लोकांचे हाल झाले, पण जाब कोणाला विचारायचा हे माहीत होतं. मुंबई-पुण्यात मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तक्रारीवर ‘निकाली’ असा शिक्का पडला की विषय संपला.

आता नगरसेवक आले आहेत. आयुक्त राज्य सरकारच नेमतं आणि महापौरांच्या हाती कार्यकारी अधिकार फारसे नाहीत, हे मान्य. पण सर्वसाधारण सभेत एक ठराव तरी मांडता येईल: अर्जाखालच्या ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’ या यादीतून महापालिकेनेच दिलेला प्रत्येक कागद वगळा. ॲपचं नंतर बघू.