भागीदारी ट्रकची सोपी, खुर्चीची अवघड

शेजारच्या गावांनी आणि शाळांनी सेवा वाटून घेतल्या की घरपट्टी उतरेल, असं लेखात म्हटलंय. न्यू जर्सीत राहतो म्हणून लिहितोय. एवढ्याशा राज्यात 564 नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास शाळा जिल्हे (म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारे वेगळे कारभार)! आमच्या घरपट्टीतला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो, म्हणजे बचत शोधायची तर तिथेच.

आमचा रस्ता दोन गावांच्या हद्दीवर आहे. बर्फ पडला की आमच्या गावाचा ट्रक हद्दीपर्यंत येतो, फाळ उचलतो आणि वळून परत जातो. पुढचा तुकडा शेजारच्या गावाचा, तिथला ट्रक कधी तासाभराने उगवतो. दोन ट्रक, दोन ड्रायव्हर, रस्ता एकच.

आमच्याच राज्यातल्या प्रिन्स्टनचं उदाहरण लेखात हवं होतं. तिथे बरो (मधलं गाव) आणि टाउनशिप (त्याच्या भोवतालचा भाग) अशी दोन स्थानिक सरकारं होती, पण शाळा आणि वाचनालय कित्येक वर्षं एकच. तरी दोन्ही सरकारं एक व्हायला 2013 उजाडलं, त्याआधीचे प्रस्ताव मतदानात पडले होते. मीठ, डिझेल, शाळेच्या बस एकत्र घ्यायला कोणी फारसं नाही म्हणत नाही. पण दोन सुपरिंटेंडेंटांपैकी (शाळा जिल्ह्यांच्या प्रमुखांपैकी) घरी कोण जाणार असं विचारलं की सगळ्यांना अचानक गावाची अस्मिता आठवते. (त्यात मीही आलो, मुलीची शाळा विलीन होणार अशी नुसती कुणकुण लागली तेव्हा सभेत सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो.)