परस्परावलंबन समसमान नसतं

"व्यापार वाढला की देशांना भांडण परवडत नाही" हे तुमच्या आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या लेखमालेतल्या ताज्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मी चाकणला इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. पैसे मोजायची आमची तयारी होती, पण माल मिळेना. बाकी सगळं सामान रॅकवर तयार, फक्त चुंबक नाही. रोज सकाळी पुरवठादाराला फोन करायचा आणि तेच उत्तर ऐकायचं, कागद अजून मंजूर नाहीत. लाइनवरच्या कंत्राटी पोरांना घरी बसावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. गरज दोघांनाही असते, पण नळ एकाच्याच हातात असतो.

अवलंबित्व समसमान नसतं ही टीका लेखात फक्त वास्तववाद्यांच्या (देश सत्तेच्या हिशोबानेच वागतात असं मानणाऱ्या अभ्यासकांच्या) नावावर टाकली आहे, तेही बरोबर नाही. ज्याचं अवलंबित्व कमी त्याच्या हातात ताकद जास्त, हे उदारमतवादी, म्हणजे व्यापार आणि सहकार्यावर भर देणाऱ्या परंपरेतल्याच रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात मांडलं होतं. शिवाय व्यापार आणि भांडण एकाच वेळी चालू शकतं, गलवानचंच बघा ना. जून २०२० मध्ये आपले २० जवान गेले आणि २०२१ मध्ये भारत-चीन व्यापार १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला! पुढच्या भागात जागतिक व्यापार संघटनेवर लिहिणार असाल, तर देशांमधल्या व्यापारी तंट्यांवरची अपिलं ऐकणारं तिचं अपील मंडळ सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, तेही जरूर घ्या.