चुंबकाला चिकटला म्हणून क्रॉस अस्सल ठरत नाही

जुनी नाणी-पदकं जमवणाऱ्यांच्या गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘जर्मन आयर्न क्रॉस पाच मिनिटांत ओळखा.’ आयर्न क्रॉस म्हणजे युद्धातल्या कामगिरीसाठी दिलं जाणारं जर्मन लष्करी पदक. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. चुंबकाला चिकटला तर अस्सल, नाही चिकटला तर नकली. कारखान्याचा शिक्का हवाच. चांदी काळवंडलेली हवी. फीत अतिनील दिव्याखाली चमकता कामा नये. मागे १८१३ असेल तर तो नेपोलियनच्या काळातला. आणि सोबत जर्मन कागद असेल तर डोळे झाकून घ्या.

शेवटून दुसरा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात सरळसरळ फसगत आहे. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने हा क्रॉस १० मार्च १८१३ रोजी सुरू केला, हे खरं. पण १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या (खालच्या पायरीच्या, फितीवर लावायच्या) क्रॉसच्या मागच्या बाजूवर १८१३ हे साल कायम ठेवलं गेलं. काळ पाहायचा तो पुढच्या बाजूवरून. खऱ्या १८१३च्या क्रॉसची एक बाजू कोरी असते. १९१४च्या दुसऱ्या वर्गाचे क्रॉस ५० लाखांच्या आसपास दिले गेले, म्हणजे ती मुळात दुर्मीळ वस्तूच नव्हे. ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकला जाणारा क्रॉस बहुधा याच ढिगातला असतो.

आता चुंबक. नेहमीची घडण तीन भागांची: मध्ये काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी, कडेला झाळून जोडलेली चांदीची चौकट. गाभा लोखंडाचा, म्हणून चुंबक चिकटतो. इथवर ठीक. पण लोखंड स्वस्त आहे, आणि बनावट माल करणाऱ्यालाही ते मिळतं. तीन भागांचे, लोखंडी गाभ्याचे नकली क्रॉस बाजारात कैक वर्षांपासून आहेत. उलट बाजूने पाहिलं तर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही महायुद्धांतले पितळी किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या दुसऱ्या धातूच्या गाभ्याचे अस्सल क्रॉस संग्राहकांना ठाऊक आहेत. म्हणजे या कसोटीवर नकली पास होतो आणि कधीकधी अस्सल नापास. चुंबक जरूर वापरा, पण तो फक्त गाभ्याचा धातू सांगतो. तो गाभा कोणी आणि कधी घडवला, याबद्दल तो गप्प असतो.

चुंबकाऐवजी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. चौकटीच्या कडेवर बारीक मण्यांची ओळ असते. ठशाखाली दाबून काढलेल्या मालात मणी सुटे, टोकदार दिसतात. ओतीव मालात ते बसके असतात आणि मधे बारीक खड्डे पडतात. दोन चौकटी जिथे जुळतात तो सांधा बघा. मग सालाचे आकडे. प्रत्येक कारखान्याचा ठसा वेगळा होता, त्यामुळे १९३९ मधल्या ३ आणि ९ची वळणं कारखान्यागणिक बदलतात. त्याच कारखान्याच्या खात्रीशीर क्रॉसच्या फोटोशी ती ताडून पाहावी लागतात. मापही घ्या: १९१४चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस साधारण ४२ मिलिमीटर, १९३९चा ४४. या कामाला पाच मिनिटं पुरत नाहीत, हे त्या मजकुराच्या लेखकाला कोणीतरी सांगायला हवं.

शिक्क्याचा मुद्दा तर पार उलटा आहे. १९३९च्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक अस्सल क्रॉसच्या कडीवर (जिच्यातून फीत ओवतात) काहीच नसतं. ज्यांच्यावर असतं, त्यांत दोन पद्धती आहेत: सरकारला पुरवलेल्या मालावर कारखान्याचा नुसता आकडा, आणि १९४१पासून दुकानात खासगी विक्रीला ठेवलेल्या मालावर ‘एल’ अक्षर आणि आकडा. हे दोन क्रम एकमेकांशी जुळत नाहीत. नुसता १५ म्हणजे व्हिएन्नाचा ‘फ्रीडरिश ऑर्थ’ कारखाना. ‘एल/१५’ म्हणजे फोर्त्सहाइमचा ‘ओटो शिकले’ कारखाना. शिवाय आकडा ठोकायला लोखंडी पंच पुरतो. कारखाना खरा असला तरी काळ खरा असेलच असं नाही. २६ जुलै १९५७च्या पश्चिम जर्मन कायद्याने जुन्या सैनिकांना नाझींचं स्वस्तिक काढलेली पदकं लावायची मुभा दिली, आणि ल्यूडनशाइडच्या ‘श्टाइनहाउअर उंट ल्यूक’ या युद्धकाळातल्याच कंपनीने ती बनवली. स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं असतात, ही त्यांची खूण.

काळपटपणा? गंधकाच्या द्रावणात बुडवली की चांदी एका दुपारीत काळी होते. आणि डबीत जपलेला अस्सल क्रॉस शंभर वर्षांनीही पांढराशुभ्र असू शकतो.

फितीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कृत्रिम धागा आणि चकाकी आणणारी रसायनं बहुधा युद्धानंतरची, त्यामुळे चमकणारी फीत संशयास्पद. पण अस्सल फीत पुढे कधी आधुनिक साबणाने धुतली असेल तर तीही चमकते. आणि फीत बदलायला कितीसा वेळ लागतो!

कागदावर मात्र थांबायला हवं, कारण आपल्याकडचे संग्राहक इथेच सर्वांत जास्त अडकतात. आपली सवय ब्रिटिश पदकांची. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांतून निघणाऱ्या पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. त्यामुळे माणूस आणि पदक यांची गाठ पडते. आयर्न क्रॉस देताना त्यावर नाव किंवा क्रमांक घातला जात नव्हता. कागद शंभर टक्के खरा असला तरी तो एवढंच सांगतो, की अमुक माणसाला क्रॉस मिळाला. समोरचा क्रॉस तोच, हे तो सांगू शकत नाही. नाव कोरलेलं नाही हे पाहून ‘नकली’ म्हणणारे आणि मागे नाव कोरलेलं पाहून जास्त पैसे मोजणारे, दोघेही ब्रिटिश चष्म्यातून बघतात. पहिल्या वर्गाच्या क्रॉसवर काहींनी खासगीत नाव कोरून घेतलं, हे खरं, पण कोरणारा कारागीर आजही मिळतो.

नाव दफ्तरात तपासावं म्हटलं तर तेही सगळीकडे जमत नाही. पॉट्सडॅमचं प्रशियाचं लष्करी दफ्तरखानं एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या पहिल्या महायुद्धातल्या हजेरीपटांची बाडं म्यूनिकमध्ये शाबूत आहेत. म्हणजे बव्हेरियन शिपायाचा कागद ताडता येतो. प्रशियाच्या शिपायासाठी बहुतेक वेळा छापील जखमी-मृतांच्या याद्या आणि पलटणींचे इतिहास यांवरच भागवावं लागतं.

भारतीय संग्राहकांना याच घोळाची एक जवळची बाजू आहे. सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये जर्मनीत सुरू केलेली आझाद हिंदची पदकं व्हिएन्नाच्या रूडोल्फ सुवाल या कारखान्यात बनली, आणि हा कारखाना युद्धानंतरही जुन्या ठशांवर पदकं काढत राहिला. अशा पदकाला ‘मूळ कारखान्याचं’ म्हणणारा विक्रेता खोटं बोलत नसतो. त्याला विचारा: मूळ कारखान्याचं, पण कोणत्या सालातलं? आणि उत्तर पावतीवर लिहून मागा.