भोंग्यापुढचा विनोद: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लंडनच्या म्युझिक हॉलमधल्या, म्हणजे करमणुकीच्या रंगगृहांमधल्या, विनोदी गाण्यांच्या जुन्या तबकड्यांतून तिथला सामान्य समाज दिसतो, असं सांगणारा माझा लेख आपण वाचलात, आभार. पण ‘यूट्यूबवर चार तबकड्या ऐकून लंडनच्या गरिबांचा इतिहास लिहिण्याचा फाजील उत्साह’ हे वाक्य गाळलं असतंत, तरी आपला मुद्दा पोहोचला असता. लेख लांबला, हे मान्य. विनोदी गायक हॅरी लॉडरची खाणीतली मजुरी दोन ओळींत आटपली असती.

यूट्यूबचं म्हणाल तर माझ्या वडिलांचं ग्रामोफोन-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्प्रिंगला ग्रीस भरणं, दर बाजूला नवी सुई लावणं, हे मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय. आपण कधी सुई बदललीय? असो.

आता आपलं ते ठसक्यातलं वाक्य: ‘भोंग्यापुढे प्रेक्षक नव्हते, म्हणजे विनोद नव्हता, मग समाज कुठून सापडणार?’ प्रेक्षक होते असं मी म्हटलं कुठे? १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत सगळे भोंग्याच्या, म्हणजे आवाज टिपणाऱ्या कर्ण्याच्या, तोंडाशी उभे राहूनच गायचे. म्युझिक हॉलचा विनोदवीर डॅन लेनो याने १९०१ ते १९०३ या काळात पंचवीसहून जास्त तबकड्या दिल्या आणि १९०४ मध्ये तो गेला. त्याचा तबकडीवरचा टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याचा पहारेकरी ऐका. राजेराण्यांचा इतिहास राहतो बाजूला, हा गडी पाहुण्यांना आधी उपाहारगृहाकडेच पिटाळतो. सुट्टीच्या दिवशी वाडे-किल्ले बघायला निघणाऱ्या सामान्य लंडनकराची ही टिंगल कळायला मागे हशा लागतो?

आणि म्युझिक हॉलची गायिका मेरी लॉइड! तिचे शब्द धुतल्या तांदळासारखे, चावटपणा सगळा डोळ्यात. हॉलचा परवाना लंडन काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे शहराच्या कारभारी मंडळाच्या, हातात, त्यामुळे कागदावर सोवळं पाळावंच लागे. तबकडीवर डोळा उतरत नाही, सोवळं तेवढं उरतं. म्हणजे कौन्सिलला दाखवायचा चेहरा आपल्याला आयता मिळतो. हा समाज नाही तर काय? पण तुम्हाला चुकाच काढायच्या होत्या.

१८९८ मध्ये लंडनच्या मेडन लेनमधल्या तळघरात भोंगा मांडणारा ध्वनिमुद्रक फ्रेड गेझबर्ग हाच १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित करून गेला. तिथेही मैफल नव्हतीच. त्या तबकड्यांवरून आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली जातात, तेव्हा तुम्ही कुठे असता?

राहता राहिले बाकीचे मुद्दे: गरिबाला ग्रामोफोन परवडत नव्हता, १९११ च्या कॉपीराइट कायद्याआधी गीतकाराला तबकडीमागे छदाम मिळत नव्हता, म्युझिक हॉलच्या कलावंतांच्या १९०७ च्या संपाचा उल्लेख नाही. ठीक आहे, पण हेही कोंबलं असतं तर ‘किती पाल्हाळ’ म्हणून तुम्हीच ओरडला असता.

यापुढे नाव लिहून या. निनावी प्रतिक्रिया मी छापणार नाही.