पिकअपचं अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्याला हसू नका

"चाळीस लाखांची गाडी घेणाऱ्याने अ‍ॅव्हरेज विचारू नये." हे वाक्य गेल्या महिन्याभरात इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी लिहायलाच बसले. शोरूममधला मुलगा म्हणाला, आमचे हे म्हणाले, आणि पोह्यांच्या ठेल्यावर शेजारी उभा असलेला, आमच्याशी काडीचा संबंध नसलेला एक भियाही म्हणाला. इंदूरमध्ये गाडीच्या विषयात बोलायला ओळख लागत नाही.

झालंय असं की माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांना एकदमच पिकअपचं वेड लागलंय. धाकटा इथेच, सुदामा नगरात. त्याला टोयोटाची हायलक्स हवीय. थोरला ह्यूस्टनला. त्याचं घोडं फोर्ड एफ-१५० रॅप्टर घ्यावी की वापरलेली रॅम १५०० टीआरएक्स, इथे अडलंय. मी सीए, म्हणून दोघांनी एकच काम माझ्या गळ्यात घातलं: "मावशी, तेलाचा हिशोब करून दे." मला हे आवडलं. चाळीस लाख खर्च करणारा माणूस तेलाचं विचारतो म्हणजे तो कंजूष आहे, असं मला अजिबात वाटत नाही. माझ्याकडे येणारे जे लोक असलं काही विचारत नाहीत, त्यांच्या गाड्या दोन वर्षांनी बंगल्याच्या पोर्चमध्ये कव्हर घालून उभ्या दिसतात.

आधी थोरल्याचं घेते, कारण तिथले आकडे भयंकर आहेत आणि म्हणून मजेदारही. टीआरएक्समध्ये ६.२ लिटरचं, सुपरचार्जर बसवलेलं व्ही-८ इंजिन, ७०२ हॉर्सपॉवर. वजन तीन टनांच्या जवळ. तिकडच्या सरकारी लेबलवर शहरात १० मैल, हायवेला १४, दोन्ही मिळून १२ मैल प्रति गॅलन. आपल्या भाषेत लिटरला पाच किलोमीटर. रॅप्टरमध्ये ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६, ती सरासरी १६ मैल देते, म्हणजे आपले पावणेसात-सात. धाकट्याने ग्रुपवर लिहिलं, "पाच काय नि सात काय, दोन्ही पाणीच पितात." चूक. आणि ही चूक तो एकटाच करत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं: लिटरमागे किती अंतर, या मापाने माणसाचा अंदाज हमखास चुकतो. आकडे उलटे मांडून बघा. पाच देणारी गाडी शंभर किलोमीटरला २० लिटर पिते, सात देणारी १४.३. वाचले जवळजवळ पावणेसहा लिटर. आता एखादी हॅचबॅक पंधरावरून वीसवर नेली, की आपण टाळ्या वाजवतो. तिथे शंभर किलोमीटरला वाचतात जेमतेम पावणेदोन लिटर. म्हणजे जास्त पिणाऱ्या गाड्यांतच दोन किलोमीटरचा फरक खरा पैसा हलवतो, आणि नेमकं त्याच गाड्यांबाबत आपण "आता काय फरक पडतो" म्हणून सोडून देतो. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून गाडीच्या लेबलवर शंभर मैलांना किती गॅलन लागतात, हेही छापतात. आपल्याकडे असं काही छापायला लागले तर मी स्वतः पेढे वाटेन.

थोरल्याला मी वर्षाचे १५,००० मैल धरून दिले, कारण तिकडचं सरकारही तेवढेच धरतं. टीआरएक्सला १,२५० गॅलन, रॅप्टरला ९४० च्या आत. गॅलनला तीन डॉलर धरले तर वर्षाला साडेनऊशे डॉलरच्या जवळपास फरक. शिवाय टीआरएक्सला कंपनी ९१ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल घालायला सांगते, त्याचा दर वेगळा. तरी त्या मुलाला हा आकडा फार वाटला नाही, आणि मला त्याचं कारण कळतं. तीन डॉलरचा गॅलन म्हणजे लिटरला आपले सत्तरच्या आसपास रुपये. तेच टीआरएक्स इंदूरच्या पेट्रोलवर वर्षाला १२,००० किलोमीटर चालवायची तर २,४०० लिटर गुणिले १०७, म्हणजे २,५६,८०० रुपये. (चालवणार कोण म्हणा, डाव्या स्टिअरिंगची नवी गाडी तुमच्या-माझ्यासारख्याला भारतात आयात करता येत नाही.)

आणि एक गोष्ट, जी करसल्लागार म्हणून मला फार खुपते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तेल पिणाऱ्या गाड्यांवर वेगळा कर आहे. सरकारी चाचणीतली सरासरी (ती लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त असते) साडेबावीस मैलांच्या खाली गेली की भरा. पण तो फक्त प्रवासी मोटारींना. पिकअप आणि एसयूव्ही त्यातून सुटलेल्या. १२ मैल देणाऱ्या टीआरएक्सला शून्य कर आणि तिच्याहून कमी पिणाऱ्या सेडानला कर! असा कायदा आपल्या जीएसटी कौन्सिलने केला असता तर आपण वर्षभर विनोद केले असते.

आता धाकटा. इथे चित्रच वेगळं आहे, आणि इथे मला शोरूमच्या मुलापेक्षा घरातल्या मोठ्यांशी जास्त भांडायचंय. हायलक्समध्ये २.८ लिटरचं डिझेल, २०४ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क, ८० लिटरची टाकी. टाकी फुल केली की सात हजारांच्या वर बिल. तो आकडा ऐकून बहिणीच्या छातीत धस्स होतं. पण टाकी मोठी आहे म्हणून बिल मोठं येतं, बाई! मी लिटरला १० किलोमीटर धरले, डिझेल ९२ रुपये धरलं. वर्षाला १२,००० किलोमीटरचे १,१०,४०० रुपये. त्याच्याकडे आत्ता जी पेट्रोल हॅचबॅक आहे ती शहरात खरं सोळा देते. तेवढ्याच अंतराला तिला ८०,२५० रुपये लागतात. फरक तीस हजारांचा. महिन्याला अडीच हजार. या अडीच हजारांवरून घरात दोन रविवार वाद झाला.

आणि ज्यावर वाद व्हायला हवा होता, ते कोणी काढलंच नाही. रस्त्यावर येईपर्यंत चाळीस लाख. पाच वर्षांत किंमत चाळीस टक्के उतरली असं धरा. वर्षाला तीन लाख वीस हजार, गाडी हलो वा न हलो. तेच चाळीस लाख सात टक्क्यांच्या एफडीत असते तर पहिल्याच वर्षी दोन लाख ऐंशी हजार व्याज. विमा आणि टायर अजून धरलेलेच नाहीत. त्यापुढे डिझेलचे लाख-सव्वा लाख. पंपावर मीटर फिरताना डोळ्यांना दिसतं म्हणून ते बोचतं. घसारा कोणी समोर उभं राहून मोजून घेत नाही.

मग तेलाचा हिशोब कशाला करायचा? तर माझ्या मते तो गाडी परवडते का हे बघायला करायचाच नाही. घसारा, व्याज, विमा हे गाडी असण्याचे पैसे आहेत. डिझेल हे गाडी वापरण्याचे. ज्या कामासाठी पिकअप घेतली ते काम करायला गेलात की फक्त हाच खर्च वाढतो. म्हणून मी धाकट्याला एवढंच विचारलं, "पावसाळ्यात शनिवारी सकाळी मित्राचा फोन आला, चोरलच्या बाजूला जाऊ, तर तू आधी डिझेलचा काटा बघशील का?" तो गप्प बसला. तो बघणारच. तो आत्ताही विजय नगरला जायचं तर रिक्षाचे आणि पेट्रोलचे पैसे ताडून बघतो. अशा स्वभावाला चाळीस लाखांची गाडी मिळाली तर ती पोर्चमध्येच राहणार.

ऑफ-रोडवरचं तेल कसं मोजायचं, तेही इथेच लिहून टाकते, कारण लोक तिथे किलोमीटरचंच गणित लावतात आणि मग घाबरतात. लो रेंजमध्ये, म्हणजे खडतर वाटेसाठी असलेल्या मंद पण ताकदीच्या गिअरमध्ये, इंजिन भरपूर फिरतं आणि चाकं मुंगीच्या पावलाने. तिथे लिटरला तीन किलोमीटर आले म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही; तिथे तासाला किती लिटर, असंच बघायचं. त्यात आपली माळव्याची काळी माती. जानापावच्या अंगाला किंवा तिंछाच्या वाटेवर एक जोरदार सर पडली की ती टायरला अशी चिकटते की टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि चाक नुसतं जागच्या जागी गरगरतं. जागच्या जागी फिरणारं चाक डिझेल खातंच, ओडोमीटरवरही नसलेलं अंतर चढवतं. टायरमधली हवा कमी केली तर पकड येते. पण डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा परत भरायला विसरलात तर घरापर्यंत तेल जास्त जातं आणि टायरच्या कडांची वाट लागते. पण असे तास वर्षात मोजकेच असतात, दहा-पंधरा हजार रुपयांत वर्षभराची हौस भागते. पैसे जातात ते इतर दिवशी. पलासियाच्या सिग्नलवर दोन टनांची गाडी थांबवायची, पुन्हा उचलायची, पुन्हा थांबवायची. जेवढी ताकद लावून ती हलवली तेवढी सगळी ब्रेक लावताना उष्णता होऊन उडून जाते.

हायवेवर शत्रू वेगळा. पिकअपचं तोंड भिंतीसारखं सरळ, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की तो दीडपटीहून जास्त. अहमदाबादच्या रस्त्याला ऐंशी-पंच्याऐंशी धरून चालवणाऱ्याला आणि एकशे दहाने पळवणाऱ्याला एकाच गाडीत दोन वेगळी अ‍ॅव्हरेज मिळतात आणि दोघेही एकमेकांना खोटं पाडतात. त्याच रस्त्याने जाणाऱ्यांना पिटोलची हद्द ओलांडून दाहोदला टाकी भरायची सवय असते, कारण गुजरातमध्ये व्हॅट कमी. पेट्रोलवाल्यांचं त्यात भलं होतं, लिटरमागे दहाच्या वर वाचतात. डिझेलला फरक दोन-एक रुपयांचाच. ८० लिटरवर वाचतात फार तर दीड-दोनशे. तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नये.

मोठे टायर घालणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. घेर पाच टक्क्यांनी वाढवलात की ओडोमीटर पाच टक्के कमी अंतर दाखवणार. म्हणजे अ‍ॅव्हरेज जेवढं पडल्यासारखं वाटतं तेवढं पडलेलं नसतं. पडतं मात्र नक्की, कारण टायर जड असतो आणि मड टायर रस्त्यावर घासतोही जास्त.

"मावशी, गाडी धंद्याच्या नावावर घेतो, डिझेलचं काय ते बघून घेऊ," हे वाक्य ऐकायला मी बसलेच होते. इंदूरमध्ये सगळंच धंद्याच्या नावावर असतं. बाळा, पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीच, त्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेणं, ही गोष्ट तिथे नाही. खर्च दाखवलास आणि तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलास तरी शंभरातले सत्तर तुझ्याच खिशातून जातात. आणि चोरलचा धबधबा तुझ्या हार्डवेअरच्या दुकानाचा ग्राहक आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला मी पटवून देणार नाही.

डिझेल घेताना एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं की बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी अडवणारा. रोज घर ते दुकान चार किलोमीटर चालवलं तर तो पुरता तापत नाही, काजळी साठत जाते, आणि ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल वापरते. अशा गाडीला मधून मधून हायवे दाखवावा लागतो. म्हणजे रोजच्या कामाला पिकअप घेणाऱ्याचं अ‍ॅव्हरेज दोन्हीकडून मार खातं.

माझा निकाल म्हणाल तर थोरल्याला रॅप्टर घे म्हटलं. टीआरएक्सचे जास्तीचे अडीचशे हॉर्सपॉवर तो ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये कुठे वापरणार, हे तो मला सांगू शकला नाही. धाकट्याला म्हटलं, घे, पण हॅचबॅक विकू नकोस. दुकान, बाजार, मुलीची शाळा त्याच गाडीने. हायलक्सचे वर्षाला सहा हजार किलोमीटरच होतील, डिझेल पंचावन्न हजारांत बसेल, आणि मग शनिवारी फोन आला की काटा बघायची गरज पडणार नाही. त्याची आई आता म्हणते की सव्वापाच मीटरहून लांब गाडी आपल्या गल्लीत वळणार कशी. तो प्रश्न माझ्या खात्यात येत नाही.

हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस चालवणारे कोणी इथे असतील तर आपले आकडे कमेंटमध्ये टाका. टाकी काठोकाठ भरून, परत काठोकाठ भरेपर्यंतचे. शहर वेगळं, हायवे वेगळा, आणि टायर कंपनीचे की बदललेले तेही लिहा. मीटरच्या स्क्रीनचे फोटो नकोत, पंपाची पावती चालेल.