खरा विश्वासू झटपट कसा ओळखावा

मंडळीत नवं कुटुंब आलं की ते खरे विश्वासणारे आहेत की नुसते नाताळापुरते, याचा निकाल पहिल्या उपासनेतच लावून टाकावा. उशीर केला तर ओळख होते, त्यांची लेकरं आपल्या लेकरांत खेळायला लागतात, आणि मग माणसाला नापास करणं फार जड जातं. म्हणून ही रीत सांगतो. जालन्यापासून उदगीरपर्यंत कुठंही चालते. दगडी चर्चमध्ये चालते आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच चालते.

सुरुवात कानापासून करा. ‘आमेन’ बाहेर रस्त्यापर्यंत गेलं तर माणूस तारलेला. ओठांतल्या ओठांत राहिलं तर त्याच्यासाठी प्रार्थनेची गरज आहे, आणि ती गरज चार जणांना सांगायची जबाबदारी तुमची. मग पवित्र शास्त्राची प्रत बघा. चेनचं कव्हर, आत तीन रंगांच्या रेघा, कडेला बारीक अक्षरात टिपणं असतील तर उत्तम. मोबाइलवर वाचणारा कच्चा. मोबाइल महागाचा असेल तर थोडा विचार करता येईल.

घरसभेत तर परीक्षा आपसूक होते. पिठलं निवून त्यावर साय धरलीय, भाकरी वातड व्हायला लागल्यात, यजमानीण पदर सावरत सारखी स्वयंपाकघराकडं बघतेय, आणि ब्रदर प्रार्थनेत आत्ताशी तालुक्यावरून जिल्ह्यावर आलेत. अजून राज्य, देश आणि इस्राएल बाकी आहे. अशी प्रार्थना करणाऱ्याला पैकीच्या पैकी द्या. या वेळात तुम्ही एक डोळा किलकिला ठेवून कुणाकुणाचे डोळे उघडे आहेत ते टिपायचं. ‘तुमचे कसे उघडे?’ असं विचारायची सोय कुणालाच नसते. लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायातला तो जकातदार दूर उभा राहून, ऊर बडवत, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणाला आणि नीतिमान ठरून घरी गेला. बरं झालं, आपल्या घरसभेला आला नाही. त्याला दुसऱ्यांदा कुणी प्रार्थना सांगितली नसती.

साक्षीचं, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं पालटलं ते मंडळीपुढं सांगायचं, शास्त्र वेगळं आहे. खरा पालट झालेल्या माणसाचा भूतकाळ भरगच्च असावा लागतो: दारू, मटका, बायकोला मारहाण, जमलं तर एखादी पोलीस केस. लहानपणापासून शब्बाथशाळेत गेलेल्या, सुपारीचं खांडही न चघळलेल्या माणसाच्या साक्षीत काही राम नसतो (म्हणच तशी आहे, हरकत नसावी). आणि दर वर्षी साक्षीतली दारू थोडी वाढली पाहिजे. पहिल्या वर्षी क्वार्टर असेल तर पाचव्या वर्षी घरात खोकी पाहिजेत. त्या बाटल्यांचे पैसे जिच्या मजुरीतून गेले ती बायको मागच्या बाजूला बसलेली असते. तिला साक्ष द्यायला बोलावू नका. ती खरं बोलून बसते आणि कार्यक्रम लांबतो.

आता घराणं. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. आणि बेथेलला ज्यांच्या सोबत राहिले ती मुख्यतः मांग-महारांची घरं. ‘आमचे खापरपणजोबा बेथेलचे’ असं सांगता आलं की तुमचा विश्वास चार पिढ्या आधीच सिद्ध झालेला असतो, तुम्ही स्वतः काही करायची गरज उरत नाही. कालपरवा बाप्तिस्मा घेतलेल्याकडं ‘टिकतो का बघू’ अशा नजरेनं बघायचा हक्कही त्यातच मिळतो. मात्र मुलीचं स्थळ आलं की ‘मुलगा प्रार्थनेत आहे का?’ हे दुसऱ्या फोनला विचारावं. पहिल्या फोनला, आवाज जरा खाली आणून, ‘मूळचे कोण?’ एवढंच.

कागदपत्रांवरूनही विश्वास तपासता येतो, फक्त कुणाचे कागद ते आधी बघावं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध, ख्रिस्ती बाहेरच. त्यामुळं शेजाऱ्याच्या टीसीवर ‘हिंदू’ दिसलं तर त्यानं चार टिकल्यांसाठी प्रभूला नाकारलं, असं समजावं. आपल्या पोराच्या टीसीवर दिसलं तर ती त्या वेळच्या मास्तरची चूक. आदेश असा का, बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं जात विचारायचं सोडलं का, असल्या भानगडीत पडू नये. सरकारला प्रश्न विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला विचारणं केव्हाही स्वस्त पडतं.

पंथाबद्दल फार बोलत नाही. १९२९ पासून बोलणी करकरून, १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या आणि उत्तर भारताची मंडळी उभी राहिली. जोडायला चाळीस वर्षं लागली. आपल्या गल्लीत एकाच्या तीन व्हायला एक निवडणूक आणि एक पेटी-तबल्याचा वाद पुरला. खरा विश्वास अर्थातच तिसरीत आहे, कारण खजिनदार आपला आहे.

कुणी तुम्हाला मत्तयाचा तेरावा अध्याय काढून दाखवेल. गव्हात निदण उगवलं, चाकर म्हणाले उपटून टाकतो, तर मालक म्हणाला नको, उपटताना गहूही हाती येईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. या मालकानं मराठवाड्यात शेती केलेली दिसत नाही. इथं वेळेवर खुरपणी झाली नाही तर सोयाबीन शोधावं लागतं. तेव्हा कापणीची वाट न बघता आपणच खुरपं घेऊन बसावं. शेत दुसऱ्याचं आहे ही गोष्ट खुरपताना फारशी आठवत नाही.

एक अडचण मात्र येईल, तेवढी सांगून ठेवतो. प्रत्येक मंडळीत दाराजवळ चपलांच्या बाजूला बसणारी एक मावशी असते. चार घरची धुणीभांडी उरकून येते, म्हणून पहिलं गीत तिला कधी मिळत नाही. वाचता येत नाही. प्रार्थना सांगितली तर पदर तोंडाला लावते. साक्ष नाही, दशमांशाच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देणाऱ्यांच्या, यादीत नाव नाही. आपल्या रीतीनं सरळ नापास. आता २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवा. असल्या उन्हाळ्यात ही बाई टँकरच्या रांगेत दोन तास उभी राहते आणि नंबर आला की मागच्या बाळंतिणीची घागर आधी नळीखाली सरकवते. मग पाणी संपतं, आणि ती रिकामी घागर घेऊन घरी जाते. बाळंतीण कुठल्या धर्माची, हेही तिला सांगता येत नाही. याला विश्वास म्हणू नका. याला समाजकार्य म्हणा, नाहीतर भोळेपणा. मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायातल्या मेंढरांचं तरी काय! ‘प्रभू, तुला तहानेलं आम्ही केव्हा पाहिलं?’ असं ऐन न्यायाच्या वेळी विचारतात. आपण कधी कुणाला काय दिलं याचा साधा हिशेबही त्यांच्याकडं नाही. आपल्या कमिटीत अशांना कुणी घेतलं नसतं.

राहिली आत्मपरीक्षा. ‘तुम्ही विश्वासात आहात किंवा नाही याविषयी आपली परीक्षा करा’ असं पौलानं लिहिलंय खरं, पण ते करिंथकरांना. करिंथ परभणीपासून बरंच लांब आहे. तरी करायचीच झाली तर रविवारी दुपारी, मटण झाल्यावर, झोप यायच्या आधी करावी. प्रश्न स्वतःच काढावेत: मी कुणाचा खून केला का? मूर्तीपुढं वाकलो का? भावाच्या वाटणीचा बांध, कामवालीचा थकलेला पगार, सुनेशी बोलायची पद्धत हे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे. आणि मन खातच राहिलं तर याकोबाचं पत्र काही दिवस उघडू नका. त्यात भुतंही विश्वास धरतात आणि थरथर कापतात असं लिहिलंय. कापण्यापर्यंत आपली अजून मजल गेलेली नाही.

सगळी नावं एका वहीत लिहून काढा आणि वही कुलपात ठेवा. पाळकांना दाखवू नका, कारण त्यांचं कुठल्या पानावर घालायचं हे बदलीपर्यंत ठरत नाही. पुढच्या बाकावरचे ते रिटायर गुरुजीही अशीच एक वही ठेवतात म्हणे. ती मिळते का बघा. तुमचं नाव त्यात कसं लिहिलंय ते एकदा कळायला हवं. उपासनेत ते मान वळवून तुमच्याकडं बघतात आणि मग खिशातून पेन काढतात.