‘ओपिनेल म्हणजे खेळणं’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओपिनेल ८ (लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू) हे खेळणं आहे, एका हाताने उघडत नाही, ओल लागली की लाकूड फुगून पातं अडकतं, टोक मोडतं, शिवाय गंजतं, रोज राबवायला बक ११० (जड अमेरिकन घडीचा चाकू) हाच खरा चाकू. आणि वर, ‘लेखकाने दोन्ही चाकू हातात तरी धरलेत का?’ हे शेवटचं वाक्य नसतं तर चार ओळींत भागलं असतं. मतभेद मांडायचीही एक रीत असते. दोन्ही चाकू वर्षानुवर्षं वापरतो, त्यांना धार लावतो, साफ करतो. यापलीकडे दाखला देणार नाही.

ओपिनेल एका हाताने उघडत नाही, हे मान्य. पण बकच्या पात्यावरही नखासाठी खाच आहे, तोही दोन हातांनीच उघडायचा.

आता लाकूड. ओपिनेलची बीच झाडाच्या लाकडाची मूठ पाणी पिते, पातं जिच्यात मिटतं ती मुठीची खाच आवळते आणि पातं निघत नाही. तेव्हा नखाने ओढत बसायचं नसतं. पातं जागेवर अडकवून ठेवणारी मुठीच्या तोंडाची धातूची कडी सोडवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोका, पातं चिमटीत येण्याइतकं वर येतं. मूठ सावलीत वाळू द्या. हीटरवर ठेवलीत तर तडकेल. पूर्ण वाळली की कडी सर्क्लिप पकडीने (दाबली की टोकं फाकणाऱ्या पकडीने) फाकवून काढा, सांध्याभोवती जवसाचं तेल मुरवा, जादा पुसा आणि दोन-तीन दिवस थांबा. (तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. ती आपोआप पेटू शकते.) तरीही घट्ट वाटलं तर बारीक पॉलिश पेपरची घडी करून खाचेच्या आतल्या बाजू हलक्या घासा. एवढं केल्यावर पुन्हा अडकलं तर खुशाल खेळणं म्हणा.

बकचं दुखणं मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलंत. त्याचं लॉक पाठीवरच्या पट्टीत असतं. पात्याच्या बुडाशी जी खाच आहे, तिच्यात खिशातला कचरा साचला की पट्टी पूर्ण बसत नाही, जरा उंच राहते. तशात जोर लावला तर पातं बोटांवर मिटू शकतं. टूथपिकने खाच साफ करा, तेलाचा एकच थेंब घाला. जास्त तेल पुन्हा कचराच धरतं. ओपिनेलची १९५५ पासूनची फिरती कडी समोर दिसते. ती फिरवायला विसरलात तर दोष चाकूचा नाही.

कापण्याचं म्हणाल तर ओपिनेलचं पातं पाठीला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, बकचं सुमारे ३. जाड पुठ्ठ्यात बकची पाठ अडते, ओपिनेल सरकत जातो. वजन ४५ ग्रॅमच्या आसपास विरुद्ध २००. खिसा तुमचा आहे.

टोक मोडण्याबद्दल वाद घालत नाही. डबे उचकटायला पेचकस असतो.

आणि गंजाची तक्रार करण्याआधी पात्यावरचा शिक्का बघा: ‘कार्बोन’ (कार्बन स्टील) असेल तर वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवावाच लागतो, ‘इनॉक्स’ला (स्टेनलेस स्टीलला) तेवढी काळजी लागत नाही.